विनोबांची आई

आपल्या मनाच्या जडणघडणीत आईइतका वाटा दुसऱ्या कोणाचाही नाही, असे विनोबा भावे सांगत. गांधीजींचा सहवास लाभलेल्या आणि ज्ञानेश्वर-तुकारामांत बुडालेल्या माणसाने असे म्हणावे, याला मोठा अर्थ आहे. या आईचे, रुक्मिणीबाईंचे, शिक्षण बेताचेच होते. ‘भक्तिविजया’सारखे ग्रंथ त्या वाचू शकत, एवढेच. घराबाहेरच्या जगात त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते आणि मुलाची कीर्ती पाहण्यापूर्वीच त्या गेल्या. तरी आई मुलाला घडवते म्हणजे नेमके काय करते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच सापडते. विनोबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. पदयात्रेतल्या भाषणांत आणि आश्रमातल्या बोलण्यात त्यांनी सांगितलेल्या आठवणी पुढे कालिंदीताईंनी एकत्र केल्या. रुक्मिणीबाईंविषयी आज जे सांगता येते, ते बहुतेक या आठवणींतूनच आलेले आहे.

विनोबांचा, म्हणजे विनायक नरहर भावे यांचा, जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या गागोदे गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. रंगांचे रसायनशास्त्र हा त्यांचा विषय होता. पुढे कुटुंबही बडोद्याला गेले, पण मुलाची पहिली वर्षे आजोबा, आजी आणि आई यांच्या सावलीत गेली. आजोबा शंभुराव व्रतस्थ वृत्तीचे होते आणि वडील शिस्तीचे, हिशेबी व विज्ञाननिष्ठ. विनोबांना गणिताची गोडी लागली त्यात वडिलांचा वाटा उघड आहे. त्यामुळे आईचा प्रभाव एकटा, सुटा काढून दाखवता येत नाही. तो घरातल्या इतर प्रभावांशी झटापट करत, त्यांना पूरक होत मुलापर्यंत पोहोचला.

रुक्मिणीबाईंची शिकवण कामांतून चाले. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवायला मिळत नसे. अंगणातल्या फणसाला फळ धरले आणि ते कापले, की आधी पानांच्या द्रोणांत गरे भरले जात, ते शेजारीपाजारी वाटायला मुलांनाच पाठवले जाई आणि मग घरच्यांची पाळी येई. देणारा तो देव आणि साठवून ठेवणारा तो राक्षस, असे त्या मुलांना सांगत. पण हे सांगणे द्रोण हातात असताना व्हायचे, म्हणून ते लक्षात राहिले. पुढे 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी भूमिहीनांसाठी 80 एकर जमीन मागितली असता एका जमीनदाराने 100 एकर देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझ्या वाट्याची जमीन गरिबाला द्या, अशी विनोबांची मागणी असे. या चळवळीची कारणे अर्थातच मोठी आणि राजकीय होती. तिची भाषा मात्र घरातल्या वाटणीची होती.

शेजारच्या घरी एकदा बाई गावाला गेली होती. तिच्या नवऱ्याचा स्वयंपाक रुक्मिणीबाई करू लागल्या. आधी स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून त्या शेजारी जात. मुलाने टोकले की हा स्वार्थ झाला, आधी आपले आणि मग दुसऱ्याचे. आईने सांगितले की त्यांचा स्वयंपाक आधी केला तर त्यांना जेवायच्या वेळी अन्न गार मिळेल. मुलाचा नियम बरोबर दिसत होता, पण समोरच्या माणसाची भूक त्यात मोजलेली नव्हती. दुसरा प्रसंग घरी शिकायला राहिलेल्या एका विद्यार्थ्याचा. शिळे उरले तर आई ते स्वतः खाई किंवा आपल्या मुलाला वाढी, त्या विद्यार्थ्याच्या पानात कधीच नाही. सर्वांशी समभावाने वागावे असे तूच सांगतेस, मग हा भेद कसा, असे मुलाने विचारले. आईने भेद कबूल केला. तुझ्याविषयी मला ममता आहे, तू मला मुलगा दिसतोस, आणि तो मुलगा मात्र मला देवाच्या रूपाने दिसतो, तू तसा दिसू लागशील तेव्हा भेद राहणार नाही, असे तिचे उत्तर होते. मुलाच्या प्रश्नाला उद्धटपणा न मानता उत्तर द्यायचे, आणि स्वतःतली उणीव त्याच्यासमोर मान्य करायची, हे त्या काळातल्या घरांत सोपे नव्हते. आजही नाही.

वाद दोन्ही बाजूंनी होत. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते आणि त्या रोज दाणे मोजत. नरहरपंतांनी सुचवले की तोळाभर तांदळाचे दाणे मोजावेत, त्यावरून हिशेब करावा आणि चूकभूल म्हणून थोडे जास्त घालावेत. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले. तो म्हणाला की हे काही गणित नाही, प्रत्येक दाण्यासोबत देवाचे स्मरण व्हावे म्हणून ही मोजणी आहे. आईला ते पटले आणि तिने पतीलाही ते सांगितले. संस्कार म्हणजे मोठ्यांनी ओतायचे आणि लहानांनी भरून घ्यायचे अशी जी समजूत आहे, ती या घरात टिकत नाही. इथे आई मुलाला विचारत होती.

सर्वांत मोठी गोष्ट अशाच एका विचारण्यातून झाली. गीतेवरची प्रवचने ऐकून आलेल्या रुक्मिणीबाईंना संस्कृत कळले नाही. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, पण तीही कठीण वाटली. मग तूच सोपी का करत नाहीस, असे त्यांनी त्याला म्हटले. त्या काळी बहुतेक स्त्रियांना संस्कृत शिकायची सोयच नव्हती. ज्या ग्रंथावर त्यांची श्रद्धा होती, तो त्यांना परक्याच्या तोंडून आणि न कळणाऱ्या भाषेत ऐकावा लागे. मुलाला दिलेल्या संस्काराइतकीच आईची ही अडचणही मुलाला घडवून गेली. विनोबांनी 7 ऑक्टोबर 1930 रोजी वर्ध्यात ‘गीताई’ ही मराठी गीता लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी पूर्ण केली. तेव्हा मागणी करणारी आई जाऊन 12 वर्षे झाली होती. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पुढे ‘गीताई’ बायकांनी आणि मुलांनी पाठ केली.

मुलाला सोडून देणे हाही आईपणाचा भाग असतो आणि रुक्मिणीबाईंच्या वाट्याला तो लवकर आला. एके दिवशी चुलीपुढे बसून मुलगा आपली प्रमाणपत्रे जाळत होता. मला यांची गरज नाही, असे तो म्हणाला. नसेल गरज, पण असली तर काय बिघडते, असे तिने विचारले. त्यापुढे तिने त्याला अडवले नाही. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. तिथून 7 जून 1916 रोजी तो गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई आजारी पडली, तेव्हा गांधीजींच्या आग्रहामुळे तो बडोद्याला आला. 24 ऑक्टोबर 1918 रोजी रुक्मिणीबाई वारल्या. अंत्यविधी भटजींकडून न करवता स्वतः करावा, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मान्य झाला नाही. विनोबा स्मशानात गेले नाहीत, घरीच राहिले. आपल्या माणसांशी वाद घालता येतो, हे आईनेच शिकवले होते, आणि तिच्या शेवटच्या दिवशीही त्यांनी ते सोडले नाही.

विनोबांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण ऊर्फ बाळकोबा आणि शिवाजी हेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. बाळकोबांनी उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमाला आयुष्य दिले. एकाच घरातले तीन भाऊ या वाटेला जातात, तेव्हा तो एकट्या विनोबांच्या स्वभावाचा योगायोग राहत नाही, त्यात घराचाही वाटा दिसतो.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ती लिहून घेणारे कैदी होते साने गुरुजी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. ते 1935 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. मराठी वाचकाच्या मनात आई म्हटले की बहुधा हीच आई उभी राहते: पालगडची, सोसणारी, प्रत्येक प्रसंगातून मुलाला काही शिकवणारी. रुक्मिणीबाई तिच्याच पिढीच्या आणि तिच्याइतक्याच श्रद्धाळू. पण श्याम आईपुढे विरघळतो आणि विनायक आईशी वाद घालतो. मराठी घरांनी पहिले चित्र मनापासून जपले. दुसऱ्या चित्रातली आई मुलाला प्रश्न विचारू देते, स्वतःही त्याला प्रश्न विचारते आणि आपल्याला काय हवे ते त्याच्याकडे स्पष्ट मागते. तिच्याकडे मात्र आपले लक्ष फार कमी गेले आहे.