दृष्टिपटलाचा विद्युत्-आलेख : समज आणि वस्तुस्थिती

१८६५ साली स्वीडनमधील उप्साला येथे होल्मग्रेन यांनी प्रकाशामुळे दृष्टिपटलात उत्पन्न होणारा विद्युत्-क्षोभ प्रथम टिपला, आणि पुढे त्याच क्षोभाचा आलेख ‘ईआरजी’ या नावाने नेत्रचिकित्सेत रुळला. परंतु यंत्राने रेखाटलेली रेषा म्हणजे निर्विवाद पुरावा, अशी जी भाबडी श्रद्धा या आलेखाच्या वाट्याला आली आहे, ती काढून टाकणेच इष्ट.

आलेख निर्दोष आला की डोळाही निर्दोष, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सबंध दृष्टिपटल एकदम उजळणाऱ्या प्रकाशाला मिळणारे उत्तर हे कोट्यवधी पेशींची बेरीज असते. ज्या पीतबिंदूच्या बळावर आपण अक्षरे वाचतो, त्यातील शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या मानाने इतक्या थोड्या, की त्या निकामी झाल्या तरी बेरजेत तूट क्वचितच उमटते. काचबिंदूत मेंदूकडे तंतू धाडणाऱ्या पेशी झिजतात. मुख्य लहरींत त्यांचा वाटा अल्प असल्याने हा आलेख बहुधा तक्रार करीत नाही. तेथे काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी दाखवून घेतलेला निराळा आलेख लागतो. उलटपक्षी, रेटिनायटिस पिग्मेन्टोजा या विकारात लहरी जवळजवळ लोपलेल्या असूनही मध्यभागाची दृष्टी शाबूत असलेला रुग्ण वर्तमानपत्र वाचू शकतो.

दोन ठिकाणच्या अहवालांतील आकडे शेजारी मांडून रोग वाढल्याचा निवाडा करणेही तितकेच अग्राह्य. पापणीखालच्या कातडीला चिकटवलेल्या विजाग्राने मिळणारी लहर बुबुळाला टेकलेल्या विजाग्राच्या लहरीहून कितीतरी ठेंगणी असते, आणि वयोमानानेही तिची उंची घटते; म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या दप्तरी स्वतःची प्राकृत मर्यादा बाळगावी, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा दंडक आहे. ही मानके १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. त्यांबरहुकूम दंडपेशींच्या परीक्षेपूर्वी बाहुल्या विस्फारून वीस मिनिटे पूर्ण अंधारात बसवावे लागते. तेवढ्यात एखाद्या मदतनिसाने दार किलकिले केले, तर ही तयारी फुकट जाते. त्याआधी कोणी डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेतले असेल, तर साध्या उजेडात निदान अर्धा तास विसावा द्यावा लागतो; गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा अर्धा तास सर्वांत आधी कापला जातो, हे सांगायला नकोच. पापणीची एक उघडझाप लहरीला विद्रूप करण्यास पुरेशी असल्याने, प्रत्येक उत्तर किमान दोनदा घेऊन ते जुळते का, हे पाहिल्यावाचून अहवालावर स्वाक्षरी होता कामा नये.