डेटाबेसचं बिऱ्हाड

आपल्या दोन्ही होस्टेलच्या मेसचा हिशोब नेमका कुठे राहतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? नसेलच पडला. कार्ड दाखवलं, बीप वाजलं, ताट घेतलं, विषय संपला. पण ते बीप वाजतं तेव्हा एक नोंद डेटाबेसमध्ये जाते आणि महिनाअखेरीला घरून किती पैसे मागवायचे ते त्या नोंदींवर ठरतं. गेल्या मे महिन्यापर्यंत हा डेटाबेस एका जुन्या सर्व्हरवर होता. त्या पेटीचा पंखा रिक्षासारखा आवाज करायचा आणि तिला लागणारी डिस्क बाजारात मिळेनाशी झाली होती. म्हणून सिस्टिम ॲडमिन सरांनी सुट्टीत आम्हा चौघांना हाताशी घेऊन तो व्हर्च्युअल मशीनवर हलवला. त्यात जे कळलं ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही, म्हणून हा लेख.

मराठी विभाग आहे, तर 'आभासी यंत्र' लिही, असं संपादक मंडळाचं म्हणणं होतं. पण मी पडले कॉन्व्हेंटची. मला 'आभासी' म्हटलं की भूतच आठवतं. आपण व्हीएम म्हणू.

व्हीएम म्हणजे काय, तर एका मोठ्या सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसतं आणि ते एकाच हार्डवेअरच्या अनेक खोल्या पाडतं. प्रत्येक खोलीतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं की अख्खा बंगला आपलाच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं होतं. आपल्या नेहमीच्या पीसी-प्रोसेसरवर मात्र ते जमवणं अवघड होतं. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने ते करून दाखवलं, पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आलं. आम्ही वापरलं ते केव्हीएमच. फुकट आहे, हे मुख्य कारण.

आता बिऱ्हाड हलवायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी कॉपी करून व्हीएमची डिस्क बनवायची. यासाठी तयार टूल्स आहेत आणि वेब सर्व्हर वगैरेंना हे छान चालतं. डेटाबेसला मात्र सांभाळून. समजा डिस्क कॉपी व्हायला दोन तास लागतात आणि डेटाबेस चालूच आहे. मग कॉपीचा सुरुवातीचा भाग दहा वाजताचा आणि शेवटचा बारा वाजताचा. म्हणजे ग्रुप फोटोत डावीकडचे हिवाळ्यातले आणि उजवीकडचे उन्हाळ्यातले! असा डेटाबेस कधीकधी सुरूही होतो, आणि तेच जास्त वाईट. एका क्षणाचा स्नॅपशॉट घेऊन त्याची कॉपी केली तर चालतं, कारण ते लाइट गेल्यासारखंच असतं आणि लाइट गेल्यावर कसं सावरायचं हे डेटाबेसला येतं. किंवा सरळ डेटाबेस बंद करून कॉपी करायची.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. नवी व्हीएम, नवा लिनक्स, नवं पोस्टग्रेस. जुन्यातून डंप काढायचा आणि इथे भरायचा. वेळ जास्त लागतो, पण आणखी एक खड्डा चुकतो. पोस्टग्रेस शब्दांचा क्रम बहुतेकदा लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारून लावतं. २०१८ मध्ये आलेल्या २.२८ व्हर्जनमध्ये हे क्रमाचे नियम बदलले. जुन्या लिनक्सवरच्या डेटा फाइली उचलून नव्यावर ठेवल्या, तर नावांचा इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. विद्यार्थी टेबलात आहे, पण सापडत नाही! डंप भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

पण खरी गंमत यानंतरच आहे. डेटाबेस जेव्हा 'कमिट झालं' म्हणतो, तेव्हा ते वचन असतं. आता वीज गेली, मशीन पडलं, काहीही झालं तरी ही नोंद जाणार नाही. हे वचन पाळण्यासाठी तो आधी एका लॉगमध्ये नोंद लिहितो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एफसिंक नावाचा कॉल करून विचारतो, खरंच डिस्कवर गेलं ना? हो आलं की मगच कमिट.

जुन्या पेटीत हा निरोप थोड्याच हातांतून जायचा. व्हीएममध्ये तो व्हीएमच्या कर्नलकडून हायपरवायझरकडे, तिथून खालच्या लिनक्सकडे, मग रेड कार्डाकडे आणि शेवटी डिस्ककडे जातो. आपण रजेचा अर्ज रेक्टर मॅडमना द्यायला जातो, वाटेत कोणीतरी म्हणतं, "ठेव इथे, दिला म्हणून समज." बहुतेक वेळा तो पोचतोही. ज्या दिवशी पोचत नाही, त्या दिवशी गेटवर कळतं.

तर वाटेत कोणी 'दिला म्हणून समज' म्हणतंय का, हे कसं ओळखायचं? सरांनी आम्हाला एक भन्नाट हिशोब शिकवला. आपल्या होस्टला साध्या ७२०० आरपीएमच्या डिस्क आहेत. ७२०० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एकामागून एक लिहायचं आणि प्रत्येक वेळी खात्री करून घ्यायची, तर लॉगची तीच जागा डोक्याखाली यायला साधारण एक फेरी लागते. म्हणजे सेकंदाला १२० च्या आसपासच एफसिंक व्हायला हवेत. पोस्टग्रेससोबत पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं छोटं टूल येतं. ते व्हीएममध्ये चालवलं, तर आकडा आला कित्येक हजार! आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. सर म्हणाले, "अरे, डिस्क एवढी फिरतच नाही. मग मध्ये कोण खोटं बोलतंय ते शोधा."

सापडलं. व्हीएमच्या डिस्कच्या सेटिंगमध्ये कॅशचा प्रकार 'अनसेफ' होता. टेम्प्लेट बनवताना इन्स्टॉलेशन पटकन व्हावं म्हणून कोणीतरी तो निवडलेला. या प्रकारात हायपरवायझर एफसिंकचा निरोप ऐकून सोडून देतो. नाव इतकं स्पष्ट असूनही मेनूत ते नुसता एक पर्याय म्हणून दिसतं. सेटिंग 'नन' केलं आणि आकडा शंभराच्या आत आला. इतका कमी आकडा बघून आनंद होण्याची ही माझी पहिलीच वेळ. (मेसच्या गर्दीला तेवढे पुरतात. खूपच वेग हवा असेल, तर वीज गेल्यावरही कॅश जपणाऱ्या एसएसडी किंवा बॅटरीवालं रेड कार्ड घ्यावं लागतं, आणि त्यांच्यावर १२० चा हिशोब लागू होत नाही.)

प्रत्यक्ष हलवण्याचं काम एका रात्रीत झालं. जेवणं आटोपल्यावर मेसची मशीनं बंद, डंप, रिस्टोअर, मग प्रत्येक टेबलातल्या ओळी आणि रकमांच्या बेरजा दोन्हीकडे ताडून पाहणं. मग जुन्या पेटीची नेटवर्कची वायर आधी काढली आणि मगच नव्या व्हीएमला तिचा आयपी ॲड्रेस दिला. हा क्रम महत्त्वाचा. एकाच पत्त्यावर दोन डेटाबेस जागे राहिले, तर काही नोंदी इकडे आणि काही तिकडे जातात, आणि नंतर त्या जुळवायला कोणतंही टूल आपोआप येत नाही.

व्हीएमला मेमरी पक्की राखून ठेवावी, हेही तेव्हाच ठरलं. हायपरवायझर कधीकधी एका खोलीतली मेमरी काढून शेजारच्याला देतो, त्याला बलूनिंग म्हणतात. डेटाबेस ज्या मेमरीला आपली कॅश समजतो, तीच गेली तर सगळं डिस्कवर येतं. डिस्कचंही तसंच. एकट्या डेटाबेसचा लॉग डिस्कवर ओळीने लिहिला जातो, पण चार व्हीएम एकाच डिस्कवर लिहायला लागल्या की डिस्कचं डोकं नुसतं इकडून तिकडे धावत बसतं. म्हणून लायब्ररीची व्हीएम आम्ही दुसऱ्या डिस्कवर ठेवलीय.

आणि स्नॅपशॉट. एका क्लिकवर होतो, म्हणून तो म्हणजेच बॅकअप असं पुष्कळांना वाटतं. पण तो सहसा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. मेसचा डंप रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जातो, आणि महिन्यातून एकदा आमच्यापैकी एकजण तो रिकाम्या व्हीएममध्ये भरून बघतो. या महिन्यात पाळी माझी आहे.