स्मिथ : एका आडनावाची कहाणी

तुमच्यापैकी पुष्कळजण क्रिकेटचे शौकीन असतील. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ तुम्हांला ठाऊक असेल. दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे नेतृत्व केलेला ग्रॅम स्मिथ आणि वेस्ट इंडीजकडून खेळलेला ड्वेन स्मिथ यांची नावेही तुम्ही ऐकली असतील. तिघांचे देश वेगळे, पण आडनाव एकच! मग हे तिघे एकाच घराण्यातले असतील काय? इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव हेच आहे. अमेरिकेच्या २०१० सालच्या जनगणनेत सुमारे २४ लाख माणसांचे आडनाव स्मिथ होते. एवढी माणसे एकाच मूळ पुरुषाचे वंशज असणे शक्य आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला सुमारे हजार वर्षे मागे, इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात जावे लागेल.

त्या काळी इंग्लंडमध्ये वडिलांकडून मुलाकडे येणारी आडनावे नव्हती. प्रत्येकाला एकच नाव असे. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी नावे आली. पुढे तीच ती थोडी नावे घरोघरी ठेवली जाऊ लागली. परिणाम असा झाला, की एकाच खेड्यात चार-पाच जॉन आणि तीन-चार विल्यम दिसू लागले. "जॉनला बोलवा," असे कोणी म्हटले, तर कोणत्या जॉनला बोलवायचे?

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यावर सोपा उपाय काढला. टेकडीजवळ राहणारा तो जॉन हिल. रॉबर्टचा मुलगा तो जॉन रॉबर्टसन. तपकिरी केसांचा तो जॉन ब्राऊन. पाव भाजणारा तो जॉन बेकर. आणि गावाच्या भट्टीत लोखंड घडवणारा तो जॉन स्मिथ. राहण्याची जागा, वडिलांचे नाव, रूप किंवा स्वभाव आणि व्यवसाय, अशा चार वाटांनी इंग्रजांची बहुतेक आडनावे आली आहेत.

जुन्या इंग्रजी भाषेत 'स्मिथ' म्हणजे घडवणारा कारागीर. पुढे हा शब्द मुख्यतः धातूचे काम करणाऱ्यासाठी, म्हणजे लोहारासाठी वापरात आला. लोहारावाचून गावाचे पानही हलत नसे. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी, साधा खिळा, सारे त्याच्याच ऐरणीवर तयार होई. लढाईच्या वेळी तलवारी आणि बाणांची टोकेही तोच घडवी. भात्याचा आवाज आणि घणाचे घाव सकाळपासून ऐकू येत. अमुक काम कोणी केले, असे विचारले तर लहान मूलही त्याच्या भट्टीकडे बोट दाखवी.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. त्या काळी बहुतेक लोक शेती करत. मग शेतकरी या अर्थाचे आडनाव सर्वांत जास्त का झाले नाही? जरा विचार करा. ज्या गावात जवळजवळ प्रत्येकजण शेतात राबतो, तेथे 'शेती करणारा जॉन' म्हटल्याने काय कळणार? पण लोहार गावात एखाद-दुसराच. म्हणून 'जॉन लोहार' म्हटले, की ओळख लगेच पटे. शिवाय लोहार गावोगावी होताच. त्यामुळे शेकडो खेड्यांत एकमेकांशी काही संबंध नसलेली स्मिथ घराणी निर्माण झाली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. स्मिथ आडनावाचे झाड एक नाही, ते एक मोठे रान आहे.

सुरुवातीला हे नाव माणसाबरोबर संपत असे. लोहाराचा मुलगा शिंपी झाला, तर लोक त्याला टेलर म्हणत. पण हळूहळू लेखी नोंदी वाढल्या. जमिनीचे कागद झाले. १३७७, १३७९ आणि १३८१ साली राजाने माणशी कर बसवला, तेव्हा गावोगावच्या लोकांच्या याद्या तयार झाल्या. १५३८ पासून प्रत्येक विभागाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम निघाला. एकदा कागदावर चढलेले नाव मुलाला आणि नातवाला चिकटले. अशा रीतीने ज्यांनी कधी हातोडा हाती धरला नव्हता, तेही स्मिथ झाले.

प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांचेच उदाहरण घ्या. ते स्कॉटलंडचे. त्यांचे वडील जकात खात्यात अधिकारी होते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कामाच्या वाटणीचे महत्त्व सांगितले आहे. त्यासाठी दिलेला एक दाखला लोहाराचाच आहे! खिळे करण्याची सवय नसलेला लोहार दिवसात दोन-तीनशे खिळे करतो, तर फक्त खिळेच करणारी मुले दिवसात तेवीसशेहून अधिक खिळे करतात, असे ते लिहितात. पुढे कारखाने आले. फाळ, नाल आणि खिळे यंत्रांवर होऊ लागले. खेड्यांतील भट्ट्या एकेक करून विझल्या. लोहार गेला, पण त्याचे नाव राहिले.

हे नाव समुद्रापारही गेले. इंग्लंडचे लोक अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात वसले, त्यांच्याबरोबर ते गेले. जर्मन भाषेत लोहाराला 'श्मिट' म्हणतात. अमेरिकेत आलेल्या अनेक श्मिट घराण्यांनी आपले नाव बदलून स्मिथ केले. या नावाच्या प्रवासात एक दुःखाचे पानही आहे. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांची मूळ नावे पुसली गेली आणि त्यांच्यावर इंग्रजी नावे लादली गेली. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तेव्हा मुक्त झालेल्या काहींनी मालकाचे आडनाव ठेवले, तर काहींनी स्वतःच्या पसंतीने नवे घेतले. आज अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचे आडनाव स्मिथ आहे. तेव्हा आडनाव कोणते, एवढ्यावरून माणसाचा देश, वंश किंवा धंदा सांगता येत नाही.

लोहाराचा मान फक्त इंग्रजीनेच राखला असे नाही. अरबीत 'हदीद' म्हणजे लोखंड. त्यावरून आलेले 'हद्दाद' हे आडनाव सीरिया आणि लेबनॉनमध्ये आढळते. 'आहन' हा शब्द तुम्ही उर्दूत वाचला असेल. त्यावरून झालेले 'आहंगर' हे आडनाव काश्मीरमध्ये आहे. महाराष्ट्रात 'लोहार' आहेच. भाषा वेगळ्या, पण लोखंड तेच आणि घामही तोच!

तुमच्या वर्गातही अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार अशा आडनावांची मुले असतील. अत्तार विकणारे, विड्याची पाने विकणारे, बागेतील फळे आणि भाजी बाजारात आणणारे, बांगड्या भरणारे, अशा कोणाच्या तरी कष्टांची आठवण त्या नावांत जपलेली आहे. आज त्याच घरातील मुलगी डॉक्टर होईल, मुलगा शिक्षक होईल. नाव मागची ओळख सांगते, पुढची वाट अडवत नाही. म्हणून कोणाच्याही आडनावाला हसू नका. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा, "आपले आडनाव कोठून आले?" कोणी सांगावे, तुमच्याही नावात एखादी ऐरण लपलेली असेल!