आधी कौमुदी, आता नीट

अण्णा मोरेश्वर कुंटे हे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले एम.डी. डॉक्टर. त्यांनी १८८० साली मुंबईत वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ अरुणदत्ताच्या टीकेसह छापून काढले. पुढे यादवजी त्रिकमजी आचार्यांनी निर्णयसागर छापखान्यातून चरक-सुश्रुतांच्या सटीक, शोधित आवृत्त्या आणल्या. त्यांची १९४१ची चरकसंहिता आजही प्रमाण मानतात. पोथीसाठी गुरूच्या घरी खेटे घालणे संपले, पण छापील पुस्तक वाचायला संस्कृत लागायचेच. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’ने मराठी वाचकाची ती अडचण बरीच दूर केली.

त्या काळी संस्कृत हा वैद्यकाच्या अभ्यासातला वेगळा विषय नव्हता. अमरकोश आणि व्याकरणाची थोडीफार कौमुदी झाल्यावरच मुलगा वैद्यांकडे यायचा. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन भरवले, आणि देशभरच्या वैद्यांच्या संघटनेला तिथून आकार आला. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ला, मुंबईत पोदार १९४१ला निघाले. मधल्या काळात, १९३८च्या मुंबई कायद्याने वैद्यांची नोंदणी आली. आता पदविका महत्त्वाची ठरली, आणि शवविच्छेदन, रुग्णालय, वेळापत्रक यांत पाठांतराचा वेळ आक्रसला. आयुर्वेद ‘शुद्ध’ शिकवावा की पाश्चात्त्य वैद्यकाशी ‘मिश्र’, हा वाद पेटला. १९६३च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा कौल दिला खरा, पण संस्कृत येणारी मुले कुठून आणायची?

१९७०च्या केंद्रीय कायद्यानंतर देशभर एकच अभ्यासक्रम आला. प्रवेशाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र; आता त्यांवरची नीट परीक्षा. संस्कृत मात्र पहिल्या वर्षात. दहावीला गुणांसाठी घेतलेले संस्कृत बहुतेकांनी बारावी सायन्सच्या धबडग्यात सोडलेले असते. मग बीएएमएसच्या पहिल्या वर्षी शब्दरूपे, संधी, समास पुन्हा घोकायचे, आणि पेपर झाला की वही माळ्यावर. २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात तर संस्कृतला आयुर्वेदाच्या इतिहासाशेजारी एकाच विषयात बसवले आहे. मला ही जोडी पटत नाही. संस्कृत संहितेच्या तासाला हवे.

चरकसंहितेचेच घ्या: १२० अध्याय; त्यांतले ४१ नंतर दृढबलाने पुरे केलेले. शैली सूत्रमय. एका ठिकाणी न सांगितलेले दुसरीकडून आणून भरायचे असते. ते कसे, याच्या रीतींना तंत्रयुक्ती म्हणतात. चरकसंहितेत त्या ३६ आहेत, सुश्रुतसंहितेत ३२. दोन्हींत त्या ग्रंथाच्या शेवटी येतात. तिथवर पोचणारा विद्यार्थी रूपे चालवून तयार होत नाही, टीका वाचून होतो. परीक्षेत चरकाचा टीकाकार चक्रपाणी याचा न शिकवलेला उतारा द्यावा आणि अर्थ लिहायला सांगावा. निकाल पहिली काही वर्षे घसरेल, घसरू द्यावा.