तीनशे संत्री आणि बारा चिन्हं

समज, आईनं शेजारच्या काकूंकडे आंबे पाठवले. सोबत चिठ्ठी: ‘पंधरा आंबे पाठवतेय. बाकीचे अजून पिकले नाहीत!’ काकूंनी चिठ्ठी वाचली, आंबे ठेवून घेतले आणि चिठ्ठी? गेली कचऱ्यात!

पण थांब! चीनमध्ये जवळजवळ १,६५० वर्षांपूर्वी एकानं अगदी अशीच चिठ्ठी लिहिली. आंब्यांऐवजी होती संत्री. किती, ओळख पाहू! दहा? वीस? छे! तीनशे!! तो लिहितो, तीनशे संत्री पाठवतोय, पण दव गोठण्याइतकी थंडी अजून पडलेली नाही, म्हणून यापेक्षा जास्त मिळणं कठीण.

बस्स, संपली चिठ्ठी! चिनी लिपीत एकेक चिन्ह म्हणजे साधारण एक शब्द. अख्खी चिठ्ठी अवघ्या १२ चिन्हांची! आणि ती आज कुठे जपून ठेवली आहे, माहितेय? तैपेई शहरातल्या नावाजलेल्या संग्रहालयात!

एवढं काय आहे तिच्यात?

ती लिहिणाऱ्याचं नाव वांग शीझी. होता सरकारी अधिकारी, पण त्याचं अक्षर! चीनमध्ये आजही म्हणतात, असं अक्षर पुन्हा कुणाचं झालं नाही. तेव्हा लिहायचे कुंचल्यानं. कुंचला दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. हात घाईत असला की रेघही धावते! आणि खोडायची सोय नाही. त्यामुळे पत्र पाहिलं की लिहिणारा कसा लिहीत होता, तेही दिसतं. मला तर हे फार आवडतं. संत्री खाऊन संपली, पण हाताची लय कागदावर राहिली!

सगळीच पत्रं एवढीशी नसायची हं. सिमा च्यान नावाच्या इतिहासकाराला राजानं भयंकर शिक्षा केली. तरी त्यानं इतिहास लिहिणं सोडलं नाही. का सोडलं नाही, ते त्यानं एका लांबलचक पत्रात मित्राला सांगितलं. पुढे सहाव्या शतकात श्याव थोंग या राजपुत्रानं उत्तमोत्तम साहित्य निवडून एक मोठा ग्रंथ केला. त्यात कविता होत्या आणि पत्रंही होती! सिमा च्यानचं ते पत्रसुद्धा! म्हणजे चांगलं पत्र लिहिणं हे कविता लिहिण्याइतकंच मानाचं काम होतं.

पुन्हा वांग शीझीकडे येऊ. त्याचं आणखी एक पत्र आहे. बर्फ पडून गेला, आकाश मोकळं झालं, तू बरा आहेस ना, असं काहीसं. फक्त २८ चिन्हं. अठराव्या शतकातला सम्राट च्यानलोंग त्या पत्रावर इतका खूश होता, इतका खूश होता, की त्यानं त्याच्या आजूबाजूला आपले लाल शिक्के उमटवले! वर स्वतःच्या हातानं कौतुकही लिहिलं!

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. जवळ ये, सांगतो.

ही दोन्ही पत्रं वांग शीझीनं लिहिलेली नाहीत!

म्हणजे, शब्द त्याचेच. वळणही त्याचंच. पण हात दुसऱ्याचा! सातव्या शतकात ताइझोंग नावाचा सम्राट होऊन गेला. वांग शीझीच्या अक्षराचं त्याला वेडच होतं. त्यानं कुठून कुठून त्याची पत्रं गोळा केली आणि दरबारातल्या कुशल माणसांकडून नकला करवून घेतल्या. कशा? मूळ पत्रावर पातळ कागद ठेवायचा. खालचं चिन्ह अंधूक दिसतं. त्याच्या कडेकडेनं अगदी बारीक कुंचल्यानं रेघ ओढायची. चिन्ह आतून पोकळ! मग त्या पोकळीत हळूहळू शाई भरायची. कुंचला कुठे कोरडा पडला, कुठे घसरला, तेसुद्धा तस्संच उतरवायचं! मूळ पत्र लिहायला लागला असेल एखादा क्षण. नक्कल करायला किती वेळ लागत असेल, विचार कर!

आज वांग शीझीच्या स्वतःच्या हातचा एकही कागद जगात उरलेला नाही. एकही नाही! त्याची तीनशे संत्री आपल्याला कळली, ती अशा नकला करणाऱ्यांमुळेच.