प्लॉट घेतला आणि त्यावर बगिच्याचं आरक्षण निघालं तर? शहराचा 'डीपी' कसा बदलतो, समजून घ्या

यवतमाळात प्लॉट बघायला गेलं की दलाल तीन गोष्टी हमखास सांगतो. समोरचा रोड किती फुटांचा आहे, एनए झालेलं आहे आणि दोन वर्षांत भाव डबल होणार आहे. चौथी गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, ती म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय.

विकास आराखडा, म्हणजेच डीपी, हा शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा असतो. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे शेती, कुठला रस्ता किती रुंद, शाळा, मैदान, दवाखाना, पाण्याची टाकी, स्मशानभूमी कुठे, हे सगळं त्यात ठरतं. यामागचा कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आराखडा लागू झाल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा तो सुधारला पाहिजे, असं हा कायदा सांगतो.

यवतमाळसारख्या शहराचा प्रश्न मात्र नुसता वीस वर्षांचा नाही. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत १ लाख १६ हजार ५५१ लोक होते. पण शहर तेव्हाच हद्दीबाहेर गेलं होतं. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा ही गावं कागदावर ग्रामपंचायती होत्या, प्रत्यक्षात तिथं शहरातल्याच नोकरदारांची घरं उभी राहत होती. पुढे हद्दवाढ झाली आणि ही गावं नगरपरिषदेत आली.

हद्द वाढली की कायदा दोन पर्याय देतो. नव्या भागापुरता वेगळा आराखडा करायचा, नाहीतर जुनं-नवं मिळून सगळ्या शहराचा एकच करायचा. पर्याय कुठलाही घेतला तरी अडचण तीच राहते. आराखडा आधी आणि घरं नंतर, असा क्रम असायला हवा. इथं घरं आधीच झालेली असतात. मग नकाशावर १८ मीटरचा रस्ता आखायचा तर तो कुणाच्या तरी अंगणातून जातो, आणि मैदान दाखवायचं तर उरलेल्या मोकळ्या जागेवरच दाखवावं लागतं. म्हणजे ज्यानं अजून बांधलं नाही, आरक्षण पडण्याची शक्यता त्याच्यावरच जास्त.

शिवाय शहराच्या गरजाही बदलतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह प्रकल्प आटले आणि यवतमाळकरांनी पाण्यासाठी काय काय केलं, ते वेगळं सांगायला नको. बेंबळा प्रकल्पाचं पाणी आणायचं म्हटलं तरी टाक्यांना जागा लागते, पाइपलाइनला रस्ता लागतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गाडी यवतमाळपर्यंत आली की स्टेशनकडे जाणारे रस्ते अरुंद असून चालणार नाहीत, आणि अशा रस्त्यांची रुंदी ठरवायची जागा म्हणजे डीपीच.

आता हा डीपी तयार कसा होतो? आधी नगरपरिषद आराखडा करण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा जाहीर करते. नगररचना अधिकारी आज कुठल्या जागेचा काय वापर होतोय, याचा नकाशा बनवतात. त्यावरून प्रारूप आराखडा तयार होतो आणि राजपत्रात सूचना काढून तो प्रसिद्ध केला जातो.

इथून पुढचे दिवस सामान्य माणसाचे. यवतमाळसारख्या नगरपरिषदेत हरकती आणि सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. बरेच लोक या ३० दिवसांत नकाशा बघतच नाहीत, आणि वर्षभरानं बांधकाम परवानगी अडली की धावपळ सुरू करतात.

हरकत घ्यायला जमीन तुमच्याच नावावर असावी लागते, हा एक मोठा गैरसमज आहे. तसं काही नाही. हरकत कुणीही देऊ शकतं. जमीनमालक आरक्षण काढा म्हणतो, तसं शेजारच्या कॉलनीतले लोक 'मैदानाचं आरक्षण ठेवा' असंही लेखी देऊ शकतात. पण दुसऱ्या प्रकारचे अर्ज देणारे कमीच. मैदानाला मालक नसतो ना!

हरकत लेखी द्यायची. सर्व्हे किंवा गट नंबर, सातबारा, मोजणीचा नकाशा जोडायचा आणि चूक नेमकी कुठे आहे ते सांगायचं. 'माझ्यावर अन्याय झालाय' एवढ्यानं काम होत नाही. 'नकाशात मोकळी दाखवलेली जागा मोकळी नाही, तिथं परवानगी घेतलेलं घर आहे', असं मांडलं तर समितीला उत्तर द्यावं लागतं. या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्यानं सुनावणी मागितली तर ती द्यावी लागते. त्यानंतर बदलांसह आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि अंतिम मंजुरी तिथून मिळते.

आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली, असंही नाही. मालकी तुमचीच राहते, पण आरक्षणाला अडसर होईल असं बांधकाम करता येत नाही. नगरपरिषदेनं पैसे देऊन, किंवा टीडीआर-एफएसआयच्या बदल्यात, ती जागा ताब्यात घ्यायची असते. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत हे झालं नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होतं. १९९३ च्या एका आरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच बजावलं की जमीन अशी ३३ वर्षं अडकवून ठेवता येत नाही.

मालकाच्या बाजूनं हा न्यायच आहे. पण लहान नगरपरिषदेच्या तिजोरीत जमिनी विकत घेण्याएवढे पैसे नसतात. मग आराखड्यात दहा बगिचे दाखवायचे, दहा वर्षांत दोन घ्यायचे आणि उरलेले एकेक करून नोटिशीत घालवायचे, असं चालतं. त्यामुळं प्रारूप आराखडा बघताना किती आरक्षणं आहेत यापेक्षा नगरपरिषद त्यातली किती घेऊ शकेल, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. त्यावरही हरकतीच्या काळात सूचना देता येते.

आणि प्लॉट घ्यायचाच असेल तर? दलालाच्या मोबाइलमधल्या नकाशावर विसंबू नका. गट नंबर देऊन नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. एमआयडीसीची हद्द जवळ असेल तर तिथं नियोजन प्राधिकरण वेगळं असतं, तेही तपासा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झालेला असेल तर फक्त जुना मंजूर नकाशा बघून भागत नाही, कारण कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना प्रारूपही विचारात घ्यावा लागतो. दाखला मागताना दोन्ही आराखड्यांतली स्थिती लिहून मागा.