विश्लेषण : नायट्रिक ऑक्साइड वाढवल्याने टकलावर केस उगवतात का?

टाळूचा रक्तपुरवठा वाढवून गेलेले केस परत आणण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या आणि पावडरी ऑनलाइन विकल्या जातात. त्यांच्या वेष्टनावर अनेकदा एल-आर्जिनीनचे नाव असते. आर्जिनीनपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, हे खरे. प्रश्न त्यापुढचा आहे.

हा वायू शरीरात करतो काय?

नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच हा रेणू. तो जेमतेम काही सेकंद टिकतो. पण तेवढ्यात रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायूंना सैल होण्याचा निरोप देतो. वाहिनी रुंदावते, रक्तदाब उतरतो. या संशोधनासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले.

हा वायू बनवणारी ‘नायट्रिक ऑक्साइड सिंथेज’ ही विकरे तीन प्रकारची असतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले आणि चेतापेशींतले विकर बेताबेताने वायू सोडते. तिसरे एरवी फारसे नसतेच. संसर्ग किंवा दाह झाला की पेशी ते तयार करतात आणि मग वायूचा मारा सुरू होतो. जंतू मारायला तो कामी येतो, पण अति झाला तर आपल्याच पेशींना इजा करतो.

केसांशी संबंध कसा जुळला?

मिनॉक्सिडिलमुळे. हे मुळात रक्तदाबाचे औषध. अमेरिकेत १९७९ मध्ये गोळीला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले. त्यातूनच १९८८ मध्ये टाळूला लावायच्या द्रावणाला परवानगी मिळाली. वाहिन्या रुंदावल्या की केस येतात, हा समज इथे बळावतो. पण वाहिन्या रुंदावणारे प्रत्येक औषध केस वाढवत नाही. शिवाय मिनॉक्सिडिलला सक्रिय करणारे विकरही वेगळेच, सल्फोट्रान्सफरेज. ज्यांच्या टाळूत ते कमी, त्यांना औषधाचा गुणही कमी येतो.

केसांच्या मुळाशी नायट्रिक ऑक्साइड बनते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले. गंमत अशी, की डीएचटी हे संप्रेरक दिल्यावर तिथल्या पेशींनी ते आणखी बनवले. पुरुषांच्या टकलामागचे संप्रेरक हेच! त्यामुळे वायू जास्त तर केस जास्त, हे गणित जुळत नाही.

मग गोळी घ्यायला हरकत काय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत आर्जिनीनची चाचणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आर्जिनीन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी एकही नाही. त्यामुळे नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. झटका येऊन गेलेल्यांनी म्हणूनच केसांसाठीही ही पावडर परस्पर घेऊ नये. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीही नायट्रिक ऑक्साइडमार्फतच काम करते. ती किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. केस अचानक गळू लागले असतील, तर थायरॉइड आणि लोहाची तपासणी आधी करून घेतलेली बरी.